वहिनी, ते तुला सुचलं होतं

वहिनी, तुला जाऊन एकोणीस दिवस झाले आणि दादाने माझ्यासमोर कोरे कागद आणून ठेवलेत. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर पानभर मजकूर द्यायचा आहे, तो मी लिहावा असं त्याचं म्हणणं. "तू पुस्तकं लिहिणारी, तूच लिही," म्हणाला. वर एक वाक्यही सांगून ठेवलंय, ते आलंच पाहिजे म्हणे. त्या वाक्यापाशी माझा हात अडून बसलाय. चार दिवस झाले, एक ओळ उतरली नाही. म्हणून आधी हे तुला लिहिते. मंडळाचं नंतर बघू.

शोकसभेत मी जे बोलले ते ऐकायला तू नव्हतीस हे बरंच झालं. वहिनी सुगरण होत्या, हसतमुख होत्या, जबलपूरच्या चेरीतालमधल्या आमच्या घराचा आधार होत्या, असं सगळं बोलले. लोकांनी माना हलवल्या. तुझी केतकी पहिल्या रांगेत बसली होती, तुझ्यासारखीच पाठ ताठ ठेवून. बाहेर आल्यावर चपला शोधताना ती हळूच म्हणाली, "आत्या, बस इतना ही?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं. सहा-सात मिनिटं बोलले मी, आणि त्यात तुझ्या बुद्धीबद्दल एक शब्द नव्हता. काढला असता तर कोणीतरी विचारलं असतं, कशात हुशार होत्या? मग मला सांगावं लागलं असतं.

ते आता सांगते. तुला सगळं माहीतच होतं. पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलं नाहीस.

ज्या हिवाळ्यात मी मोपेडवरून पडले आणि उजवं मनगट मोडून घेतलं, तो हिवाळा. माझं पुस्तक तेव्हा अर्ध्यावर होतं. सतराव्या शतकातली, जर्मन मुलखातल्या एका लहानशा संस्थानाची काउंटेस ओटिलिया. एका जंगलाच्या हद्दीवरून दोन घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या भांडण, ते मिटावं म्हणून पंधराव्या वर्षी लग्न लावून दिलेली. नवऱ्याचं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते लग्नाच्या दिवशी. नऊ बाळंतपणं, त्यांतली चार मुलं जगली. नवरा सदा बाहेर, कधी लढाईवर, कधी शिकारीला, कधी मोठ्या राजाच्या दरबारात. त्याला तिने आयुष्यभर लिहिलेली पत्रं हा माझ्या पुस्तकाचा विषय होता.

हात प्लास्टरमध्ये, प्रकाशकाची घाई. तू म्हणालीस, "सांगत जा, मी लिहिते. अक्षर काही वाईट नाही माझं." मग रोज दुपारी जेवणाच्या टेबलावर आपण बसायचो. मधे मटाराचा ढीग, कारण त्या दिवसांत जबलपूरच्या कुठल्या घरात तो नसतो? मी पत्र वाचून तोंडी मराठी करायची, तू उतरवून घ्यायचीस, आणि मी पुढचं वाक्य जुळवेपर्यंत तुझी बोटं शेंगा सोलत राहायची. पहिल्याच दिवशी नाव ऐकून म्हणालीस, "ओटिलिया? म्हणजे ओटीच की. नऊ वेळा भरली बिचारीची." तेव्हापासून ती आपली ओटीबाई झाली. भाजीवाला दाराशी आला की तू म्हणायचीस, "थांबा निरूबाई, ओटीबाईंना जरा बसवून ठेवा, मी आले."

मला त्या दुपारी फार आवडायच्या. पुढचं लिहायच्या आधी हे लिहून ठेवते, नाहीतर राहून जाईल. कॉलेजात माझ्या विषयावर दोन वाक्यं बोलेल असं माणूस नव्हतं. घरात तू होतीस.

एका दुपारी मी तुला शेवटून दुसरं प्रकरण सांगत होते. त्याचं नाव ठरवलं होतं 'आज्ञाधारक पत्नी'. माझं म्हणणं असं, की तरुणपणी ही बाई नवऱ्याला 'माझ्या लाडक्या जिवा' असं लिहिते. पुढे पुढे मात्र मायना लांबत जातो. 'उच्चकुलोत्पन्न, परमदयाळू स्वामी, अमक्या गढीचे आणि तमक्या खोऱ्याचे अधिपती' अशा दोन-दोन ओळी. म्हणजे वयाबरोबर दरबारी शिस्त तिच्या अंगी मुरली आणि पतीविषयीचा आदर वाढला.

तू पेन खाली ठेवलंस.

"निरूबाई, हे मला पटून नाही राहिलं."

"काय ते?"

"आदरबिदर नाही हा. रागावून राहिली ती."

मी हसले. "वहिनी, त्या काळची रीत होती ती."

"मग पुढच्याच पत्रात पुन्हा 'लाडक्या जिवा' काहून? आठवड्यात रीत बदलते का? मागचे कागद काढा बरं. माझ्याच हाताने लिहिलेत, मला आठवून राहिले." आणि तू बोटांवर मोजायला लागलीस. "पोरगा गोवराने गेला अन् हा शिकारीवरून आला नाही, तेव्हा पूर्ण नाव. सात वर्षांच्या पोरीला हिला न विचारता सासरी वाढायला धाडलं, तेव्हा पूर्ण नाव. माहेरून आलेली दाई हाकलून दिली, तेव्हा पूर्ण नाव. बाकी वेळी सगळं गोड आहे."

"योगायोग असेल."

"पत्रं त्याचे कारकून वाचत असतील ना आधी? मग ओरडता कसं येईल तिला? शिवी कशी देईल? मानच देईल. इतका मान देईल, की त्याच्या अंगावर यावा."

मी पुन्हा हसले आणि म्हणाले, चल, पुढे लिही. तू लिहिलंस. 'आज्ञाधारक पत्नी' असंच लिहिलंस, वळणदार अक्षरात, काही न बोलता.

पण मग मी आठ दिवस डाव्या हाताने पानं उलटत सगळी पत्रं तारखांप्रमाणे लावली. दोन ठिकाणी तुझं चुकत होतं. बाकी सगळीकडे बरोबर. मी ते प्रकरण फाडलं आणि नव्याने सांगितलं. नाव दिलं 'पूर्ण नावाची पत्रं'. ते तूच लिहून घेतलंस. लिहिताना तुझा चेहरा कसा उजळला होता! एकदा मधेच म्हणालीस, "हे तर मी म्हटलेलं." मी म्हणाले, "हो गं, तुझ्यामुळेच." ते टेबलावर म्हणाले. छापताना म्हटलं नाही.

प्रस्तावनेत मी माझ्या गाइडचे आभार मानले. ग्रंथपालाचे मानले. जर्मन शब्द समजावून देणाऱ्या एका निवृत्त इंजिनिअरचे मानले. शेवटी लिहिलं, 'घरच्या मंडळींचे सहकार्य लाभले'. घरच्या मंडळींत तू, दादा, केतकी आणि कदाचित स्वयंपाकाचा गॅसही आला असेल.

का नाही लिहिलं? वीस वर्षं मी वेगवेगळी कारणं देत आले. अभ्यासाच्या पुस्तकात हे शोभणार नाही. पुरावे मी गोळा केले, तिने नुसता अंदाज बांधला. खरं कारण लहान आणि घाण होतं. बी. ए.ला दुसऱ्या वर्षी लग्न होऊन कॉलेज सुटलेल्या, सिहोऱ्याहून आलेल्या माझ्या वहिनीला एका दुपारी मटार सोलताना जे दिसलं, ते मला सहा वर्षं दिसलं नव्हतं. हे लोकांना कळलेलं मला नको होतं.

प्रकाशनाचा कार्यक्रम तुला आठवत असेल. तू तिसऱ्या रांगेत होतीस, जांभळी माहेश्वरी नेसलेली, केतकीला शेजारी घेऊन. नागपूरहून आलेले प्राध्यापक त्या एका प्रकरणावरच बोलत राहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं?"

मला तू दिसत होतीस. तू किंचित पुढे वाकली होतीस.

मी म्हणाले, "पुन्हा पुन्हा वाचताना दिसत गेलं."

टाळ्या झाल्या. तूही वाजवल्यास. ऑटोत बसल्यावर तू म्हणालीस, "छान बोललात. गजराही शोभत होता." बस, तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक करून म्हणालीस, "प्रोफेसर, चहा झालाय."

मला गुदगुल्या झाल्या, वहिनी. खरं सांगते. मला वाटलं, हिला माझा अभिमान वाटून राहिला. मी बाईसाहेबांसारखी चहा प्यायले.

महिन्याभराने एम. ए.च्या वर्गात तेच प्रकरण शिकवत होते. एका मुलीने विचारलं, "मॅडम, उसके पति को कभी पता चला?" मी सांगायला लागले, नाही, कधीच नाही, उलट आपल्या मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं, की माझ्या पत्नीइतकी नम्र आणि... आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं. मी तास लवकर सोडला. घरी आले तर तू अंगणात दोरीवरचे कपडे काढत होतीस. "प्रोफेसर, हातपाय धुऊन घ्या, वाढते." मी तुझ्याकडे पाहिलं, तू माझ्याकडे पाहिलंस. मला कळलं होतं आणि मला कळलंय हे तुलाही कळलं. त्या क्षणी बोलायचं होतं. मी विचारलं, "भाजी काय आहे?"

मधे तीन-चार वेळा तू मला पुन्हा निरूबाई म्हणालीस. डेंगी झाला तेव्हा कपाळावर ओली घडी ठेवताना म्हणालीस. आई गेली तेव्हा म्हणालीस. तेवढ्यानेच मी उरलेला सगळा काळ निभावून नेला.

पण याहून वाईट गोष्ट अजून सांगायची आहे. पुस्तकाचं तरी मी कधीतरी सांगितलं असतं. हे सांगवत नाही.

त्या दुपारी तू म्हणालीस, ओरडता कसं येईल तिला. पुस्तक बाजूला ठेवून मी तुला एकच प्रश्न विचारायला हवा होता. तुला कसं कळलं? मी तो विचारला नाही, कारण उत्तर मला जवळजवळ माहीत होतं.

त्याच्याही सात वर्षं आधीची गोष्ट. मला बघायला पाहुणे येणार होते, संध्याकाळी सहा माणसं. सकाळी शेजाऱ्यांकडे सिहोऱ्याहून तुझ्या भावाचा फोन आला, वडिलांचं जास्त आहे, लगेच निघ. तू पदराला हात पुसत दादासमोर उभी राहिलीस. तो म्हणाला, "आज तू गेली तर इथलं कोण बघेल? उद्या पहिल्या बसने जा. एक दिवसाने काय होते?" तू आईकडे पाहिलंस. आई तांदूळ निवडत राहिली. मग तू माझ्याकडे पाहिलंस. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, इस्त्रीची साडी हातावर घेऊन. मी म्हणू शकले असते, जाऊ दे तिला, पोहे मी करीन. सिहोरा आहेच कितीसं दूर, बसने तासाभराचा रस्ता. पण माझ्या मनात काय आलं, ते आज पहिल्यांदा लिहिते. माझ्या मनात आलं, ही गेली तर माझी वेणी कोण घालून देईल?

तू माझी वेणी घालून दिलीस. कचोऱ्या केल्यास. पाहुणे खूश होऊन गेले. चहा दिला जात होता त्याच सुमारास तुझे वडील गेले. तू दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने पोचलीस आणि पाहुण्यांचा नकार आठवड्याने पोचला.

तेरावं करून परत आलीस त्या सकाळी दादा रांझीला फॅक्टरीत निघाला होता. नुकताच फोरमन झालेला. तू दारापर्यंत गेलीस आणि म्हणालीस, "साहेब, डबा घ्या." आम्ही सगळे हसलो. दादा तर केवढा फुलला! त्याआधी तू त्याला 'अहो, ऐका ना' म्हणायचीस. माझ्यासमोर कधी कधी तेही न म्हणता नुसती बांगडी वाजवायचीस. त्यानंतर तो साहेब झाला तो झालाच. साहेबांना ताप आहे. साहेबांची औषधं घेतली का? साहेब, पाणी काढलंय. एवढी वर्षं, एकदाही आवाज न चढवता.

मी पत्रांची तारीख-तारीख लावून बघितली, आणि माझ्याच घरातली एक तारीख लावली नाही. लावली असती तर त्या दारात साडी घेऊन उभी असलेली मीच दिसले असते.

आपला एक वाद मात्र अर्धाच राहिला. मी पुस्तकात लिहिलं, की ओटीबाईचा संसार थंडगार होता, दोन घराण्यांमधला करार. तुला ते मान्य नव्हतं. "गोड पत्रंही तिनेच लिहिली ना? तीही खरीच. परक्यावर काहून कोणी इतकं रागवेल?" मी म्हणायची, ते तुझं मत झालं, पुरावा नाही. तू म्हणायचीस, "अच्छा, ठीक आहे." पण दादाच्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की तू गॅस पेटवायचीस, हे मी रोज पाहत होते. फॅक्टरीतून यायला उशीर झाला की तू दोनदा अंगणात जाऊन यायचीस. तेही खरं होतं आणि साहेब म्हणणंही खरं होतं. वहिनी, तुझंच बरोबर होतं. पुस्तकातलं ते शेवटचं प्रकरणही चूक आहे.

दवाखान्यातली ती दुपार. दादा फळं आणायला खाली गेला होता. मी तुझा हात धरला आणि म्हणाले, "वहिनी, पुस्तकाचं मला..."

तू मला पुढे जाऊ दिलं नाहीस. म्हणालीस, "ओटीबाईचं शेवटी काय झालं, ते सांगा. तुम्ही लिहिलंच नाही."

मी सांगितलं. नवरा गेल्यावर तिने बारा वर्षं संस्थान सांभाळलं. मुलगा मोठा झाला, तिने कारभार त्याच्या हाती दिला. मरताना लिहून ठेवलं, मला नवऱ्याशेजारी नको, माझ्या गोवराने गेलेल्या बाळाशेजारी पुरा.

"मग? पुरलं?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले. "नाही. नवऱ्याशेजारीच पुरलं. वर दगड बसवला."

"पूर्ण नावासकट?"

"पूर्ण नावासकट. दोघांचंही."

तू हसायला लागलीस, हसता हसता खोकला लागला. "घरच्यांना कळलंच नाही म्हणायचं," म्हणालीस. मग डोळे मिटून घेतलेस. मी पुन्हा शब्द जुळवत होते, तेवढ्यात दादा डाळिंबं घेऊन आला आणि तू डोळे उघडून म्हणालीस, "साहेब, बसा. दमलात."

तू गेल्यावर मी प्रकाशकाला पत्र टाकलं. पुस्तकात एक मोठी चूक राहिली आहे, नव्या आवृत्तीत दुरुस्त करायची आहे. त्याच्या मुलाचा फोन आला. फार नम्र होता. नवी आवृत्ती निघणार नाही, मॅडम, म्हणाला, आता कोणी मागत नाही ते पुस्तक.

आणि आता दादाचं वाक्य. जो कोणी भेटायला येतो त्याला तो तेच सांगतो, डोळे पुसत, थोडा अभिमानानेही. "शेवटपर्यंत मला साहेब म्हणायची हो. इतका मान मला जगात कोणी दिला नाही." हेच त्याला अंकात छापून हवंय.

काल दुपारी तो माझ्या खोलीत आला. "झालं का लिहून?"

"दादा, ते वाक्य मी नाही लिहू शकत."

"काहून?"

मी गप्प बसायला हवं होतं का? अजूनही ठरवता येत नाही. तुझं गुपित होतं ते, आणि मी ते स्वतःचं ओझं हलकं करायला फोडलं असेल, तर ही माझी दुसरी चोरी. पण मी सांगितलं. सिहोऱ्याचा फोन, सहा पाहुणे, माझी साडी, पहिली बस. पुस्तकातलं ते प्रकरण कोणाचं, तेही सांगितलं.

"नाही, नाही," तो म्हणाला. "ती तर प्रेमाने..." आणि थांबला. पलंगाच्या कडेवर बसला. ओठ हलत होते, मनात मागे मागे जात होता. मग स्वतःच म्हणाला, "तेराव्याहून आली, त्याच दिवशी. डबा देताना."

मी मान हलवली.

"तुला कधी कळलं?"

"पुस्तकाच्या वेळी."

"म्हणजे केतकी शाळेत होती तेव्हा."

"हो."

केतकी चहा घेऊन दारात आली, आमच्याकडे पाहून तशीच परत गेली. मला वाटलं, तो ओरडेल. मला ते हवंही होतं.

तो म्हणाला, "मला सांगायचं होतं ना, निरू. मी तिच्या पाया पडलो असतो. मी काही इतका वाईट माणूस नव्हतो गं."

तो नव्हताच, वहिनी. मी त्याला ओळखते. मी सांगितलं असतं, तर त्याच संध्याकाळी फॅक्टरीतून आल्या आल्या तो स्वयंपाकघरात तुझ्यापुढे उभा राहिला असता, अडखळत, चुकीचे शब्द वापरत, पण बोलला असता. तू रडली असतीस, भांडली असतीस, आणि मग केव्हातरी त्याला पुन्हा 'अहो' म्हणाली असतीस. तुम्हा दोघांना वीस वर्षं मिळाली असती. एका प्रकरणासाठी मी ती स्वतःकडे ठेवून घेतली.